बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही

आप्पा, तुम्हाला लिहायचं मी फार दिवस पुढं ढकललं. आधी म्हटलं पाऊस उघडू दे, मग म्हटलं गणपती होऊ देत, मग पेन चालेना, पेन मिळालं तर कागद पटेना. खरं म्हणजे मला एका जागी लिहायला बसवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तुम्ही ओरडला नव्हता, एवढंच म्हणाला होता की सोडायचं तर निदान अर्ज तरी नीट लिहून सोड. तोही मी लिहिला नाही. आज मात्र पळवाट नाही. धरणाच्या काठाला, जिथून बोटी पाण्यात सोडतात त्या उताराच्या वरच्या अंगाला, तुमच्या जुन्या ओम्नीचं सरकतं दार उघडं टाकून बसले आहे, पाय बाहेर, कागद मांडीवर. गाडीला टेकवून फळा ठेवलाय, मराठीत आणि कानडीत. बोट मोफत तपासून मिळेल, सक्ती नाही. अक्षरं तुमचीच, मी फक्त त्यांच्यावरून रंग पुन्हा फिरवला. 'सक्ती नाही' हे तुम्ही बाकीच्यापेक्षा मोठं आणि लाल काढलं होतं, तेही तसंच ठेवलं. मुद्दाम ठेवलं. का ते सांगायलाच हे लिहितेय, पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मधल्या चार गल्ल्या फिरून मगच घरी येईन.

गणपती गेल्यापासून दर रविवारी मी इथं येते. या आठवड्यात खंडेनवमी, म्हणजे हा शेवटचा रविवार. मी मनाशी ठरवलं होतं, नवमीपर्यंत बसायचं, कुणाला हाक मारायची नाही, कुणाच्या मागं लागायचं नाही, अगदी तुमच्या पद्धतीनं. आपण होऊन एक जरी माणूस बोट घेऊन आला तर तुम्ही बरोबर होता असं मानायचं. नाही आला, तर फळा गाडीत उलटा टाकायचा आणि गोव्याला जायचं. तिथं हंगाम सुरू होतोय, ओळखीच्या एकानं माझी जागा धरून ठेवलीय. आणि तुमच्यावर उरलेला राग मग उजळ माथ्यानं घेऊन फिरायचा. आजवर कुणी आलेलं नाही. चहाच्या टपरीवरची मावशी दर रविवारी विचारते, आजही विचारलं, "काय गं, लागलं का कोण गळाला?" मी म्हटलं न्हाय. "मग हाक मार की. मुक्यानं बसून भाजी तरी खपती का कुणाची?" म्हटलं, हाक मारायची न्हाय असं ठरलंय. "कुणी ठरवलं?" "आप्पांनी." "ते गेले की गं," म्हणाली, आणि चहाचा पेला दाराच्या पट्टीवर ठेवून गेली. चहात आलं इतकं असतं की घसा जळतो. तुमच्या वेळी ही टपरी नव्हती.

बेळगावच्या कोर्टातला वकील, वाटण्यांचे आणि बांधाचे दावे लढवणारा, त्याला बोटीचं वेड कुठून लागलं हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली आणि जाताना त्यानं आपली फायबरची छोटी बोट तुमच्या गळ्यात मारली, एवढंच मला माहीत. पहिल्याच दिवशी तुम्ही एकटे घेऊन गेलात, मधोमध इंजिन बंद पडलं, वल्हं नव्हतं, दोर नव्हता, शिट्टी नव्हती. डब्याच्या झाकणानं वल्हवत दिवेलागणीला काठाला लागलात. हे तुम्ही पाहुण्यांना हसत सांगायचात, झाकण कसं धरलं ते हातानं करून दाखवायचात. आई हसायची नाही. पण त्या झाकणातूनच पुढचं सगळं निघालं. तेव्हा बेळगाव, संकेश्वर, निपाणीकडचे डॉक्टर, कंत्राटदार, व्यापारी, ज्यांच्याकडं पैसा आणि रविवार दोन्ही होतं ते हौसेच्या बोटी घेऊ लागले होते. गाडी घेतल्यासारखी बोट घ्यायची, नारळ फोडायचा, मुलंबाळं भरायची आणि सुटायचं. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. तुम्ही विचारू लागलात. विचारू लागलात हेही खरं नाही. तुम्ही फळा लावून खुर्ची टाकून बसू लागलात.

पहिल्या वर्षी लोकांना वाटलं तुम्ही सरकारी आहात. काही जण लांबूनच बोट परत फिरवायचे. मग कळलं की नाही, हा वकील आहे, दंड करत नाही, पावती फाडत नाही, नुसता बघतो आणि सांगतो. तेव्हा हळूहळू यायला लागले. बोट किती माणसं पेलेल ते तुम्ही सांगायचात, पेट्रोलचा वास येतो का बघायचात, इंजिन चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची ती लाल दोरी असते, माणूस पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होतं, ती दोरी बहुतेकांनी नवी कोरी गुंडाळून कप्प्यात ठेवलेली असायची. आणि जाकिटं. जाकिटांवरून तुमचा जीव जायचा. कुणी ती बसायला घ्यायचे, त्यांचा फोम पापडासारखा चपटा झालेला. कुणी दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढायचेच नाहीत, मळतात म्हणून, गाडीच्या सीटवरचं कव्हर ठेवतात तसं. तुम्ही म्हणायचात, "साहेब, बुडताना पिशवी फाडत बसणार का?" कानडी माणूस असला की "जाकीट हाकोरी, हाकोरी" म्हणत स्वतःच्या हातानं बक्कल लावून द्यायचात. मग त्याला कंबरभर पाण्यात उभा करून गुडघे वाकवायला लावायचात. ढिलं जाकीट वर सरकून कानाशी यायचं आणि मोठमोठे डॉक्टर त्यातून कासवासारखे बघायचे. ते मला आवडायचं. बाकी मला कंटाळा यायचा, पण ते आवडायचं.

घरात तुमच्या शिकवणीची नमुन्याची जाकिटं स्वयंपाकघरात वाळत असायची, कारण आपल्या घरात दुसरीकडं ऊन येत नव्हतं. गॅसच्या वर दोरी, दोरीवर नारिंगी जाकिटं, खाली आई भाकरी थापतेय आणि वरून थेंब तव्यावर पडून चर्र वाजतोय. "एक तर ही धुणी काढा न्हायतर जेवायला धरणावरच बसा," आई म्हणायची. तुम्ही काढायचा आणि परत लावायचा. मी दहावी झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, एकीला तर मोबाईल. मला तुम्ही माझ्या मापाचं जाकीट दिलंत. गिफ्टच्या चमकत्या कागदात गुंडाळून दिलंत हे त्याहून वाईट, कारण उघडेपर्यंत मी आशेवर होते. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग रविवारी ते घालून आले, पण बक्कल न लावता, फॅशनसारखं पुढून उघडं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे असं घालायचं असेल तर घालू नकोस. न घालणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण घातलेलं नाही." मला तेव्हा हे वकिली वाटलं होतं. आज हे वाक्य मी गोव्याच्या पाण्यात, दांडेलीच्या नदीवर, जिथं जिथं काम केलं तिथं पाहुण्यांना सांगते, हिंदीत, आणि ते हसतात. दांडेलीला एक बरं होतं, तिथं बक्कल लावल्याशिवाय आम्ही कुणाला तराफ्यावर पायच ठेवू देत नव्हतो. कुणी कुरकुरला तर पैसे परत आणि घरी जा. कुणाला हात जोडायचे नाहीत, कुणाची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी ते बघून मी झाडामागं जाऊन रडले होते. भूक लागल्यामुळं असेल असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

कारण तुमचा नियम वेगळा होता. बोलावल्याशिवाय बोटीला हात लावायचा नाही. मालकानं म्हणायला हवं, बघा. मग तुम्ही बघणार. त्यानं म्हटलं नाही, तर समोरून गळकी डबडी गेली तरी तुम्ही खुर्चीतून उठणार नाही, फार तर हात जोडून म्हणणार, "सवड झाली की या." मी एकदा विचारलं होतं, तुम्ही वकील आहात, कलेक्टरांकडं अर्ज करा, नियम करून घ्या, तपासल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असं. तुम्ही म्हणालात, "सक्ती केली की माणूस पोलिसासाठी जाकीट घालतो. पोलीस गेला की काढतो. मला त्यानं स्वतःसाठी घालायला पाहिजे." आयुष्यभर सक्तीचे कागद लढवलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकायला छान वाटायचं.

निपाणीचे अण्णा तुमच्याकडं आपण होऊन आलेले पहिले. तंबाखूचे व्यापारी, गोरेपान, मोठ्या आवाजाचे. त्यांच्या कपड्यांना वखारीचा वास असायचा, बोट काठाला लागायच्या आधी तो वास यायचा. दोन वर्षं ते हंगामाच्या सुरुवातीला बोट घेऊन यायचे, तुम्ही अर्धा दिवस त्यांच्या बोटीत डोकं घालून बसायचात आणि शेवटी तुमचा तो हिरवा गोल स्टिकर काचेवर चिकटवायचात. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, माझ्यासाठी शेंगाचटणी आणायच्या, पिवळ्या झाकणाच्या बरणीत, बोटीत बसून खायला. काकींना पाण्याची भीती वाटायची आणि त्या ते लपवायच्या नाहीत. "मी आपली देवाचं नाव घेऊन बसती," म्हणायच्या. तुम्ही त्यांना म्हणायचात, "नाव घ्या, पण आधी बक्कल लावा." त्या लावायच्या.

तिसऱ्या वर्षी अण्णा हंगामाला आले नाहीत, एकदम खंडेनवमीलाच आले. तो दिवस मी किती वेळा मनात चालवलाय. काठावर रांगेनं धुतलेल्या बोटी, झेंडूच्या माळा, ऊस, टपाटप नारळ. आपण आपल्या बोटीच्या पूजेला आलोय, आईनं आपल्या जाकिटांपैकी एकालाच कुंकू लावलंय, कारण बाकीची तुम्ही अंगावर घालायला सांगितलीत. शेजारी अण्णांची बोट. त्यांनी सतरंजी अंथरून तिच्यावर सगळं मांडलंय, इंजिनाचे पाने, पक्कड, वल्ही, दोर, आणि जाकिटं सुद्धा, पाचच्या पाच, घडी घालून, हळदकुंकू लावून. बोट आतून-बाहेरून धुतलेली, लखलखीत. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि अण्णा म्हणाले, चला, एक फेरी. अण्णा, त्यांचा भाऊ, काकी, दोन मुलं. काकींना भरजरी साडी, जड काठाची. तुम्ही खुर्चीतून उठलात. "अण्णा, जाकिटं?" तर काकीच म्हणाल्या, "वकीलसाहेब, पूजेला मांडलंय न्हवं. उद्यापर्यंत हलवायचं न्हाई." अण्णा हसले, "आजच्या दिवशी हत्यारं झोपलेली असत्यात. उद्या घालू की." तुम्ही म्हणालात, "मग बोट पण पूजेतलीच आहे. ती कशी उठली?" सगळे हसले. अण्णा म्हणाले, "गाडीला फेरी मारायचीच असती, साहेब, पद्धत हाय. कोर्टात काढू नका आम्हांस्नी." तुम्ही आपल्या गाडीतली जाकिटं देऊ केलीत. अण्णांचा आवाज जरा बदलला. "आज नको म्हटलं न्हवं. सणाला अपशकुन नको." आणि तुम्ही हात जोडलेत, आप्पा. मी बघत होते. तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "सवड झाली की या," आणि बाजूला झालात.

धुतलेल्या बोटीतलं पाणी काढायला मागं तळाशी एक भोक असतं, त्याला पितळी फिरकीचं बूच. बोट धुताना त्यांनी ते काढलं, चिंचेनं घासलं, चकचकीत केलं आणि पान्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडलं. त्यालाही कुंकू. परत लावायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पूजेतलं उचललं नसतं. बोट पळत असते तोवर त्या भोकातून पाणी आत येत नाही. थांबली की भरते. ते मधोमध जाऊन थांबले, काकींना पाण्याची ओटी भरायची होती. आम्हाला काठावरून आधी दिसलं की बोटीचं नाक वर उचललंय. मग ओरडणं ऐकू आलं. तुम्ही आपली बोट कशी सोडली, मी कशी चढले, मला आठवत नाही. माझ्या अंगावर माझं जाकीट होतं, बक्कल लावलेलं. उलट्या बोटीला धरून चौघं होते. चौघांना आपण काढलं. काकींची साडी पाण्यावर पसरलेली मला दिसली आणि मग ती पण दिसली नाही. परत आल्यावर मी सतरंजीपाशी गेले आणि ते बूच बघितलं. पुसलेलं, लकलक करणारं, वर एक झेंडूची पाकळी.

पंचनाम्याला अण्णा एकच वाक्य बोलले. "वकिलांनी बघून दिलेली बोट." काचेवर तुमचा हिरवा स्टिकर होता. मागच्या वर्षीचा होता, त्यावर वर्ष लिहिलेलं होतं, पण ते वाचायला कोण जातंय. तुम्ही कोर्टात उभे राहून माणसांची वाक्यं सोलून काढणारे, तिथं गप्प उभे राहिलात. मी घरी आल्यावर विचारलं, का बोलला नाही. म्हणालात, "दुःखात बोललेल्याची साक्ष धरायची नसते." आठ-दहा दिवसांत ते वाक्य निपाणीपासून बेळगावपर्यंत पोचलं. खडेबाजारात एक माणूस तुमच्याकडं बघून मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्येच ते, स्टिकरवाले वकील." कोर्टाच्या बार रूममध्ये कुणीतरी तुमच्या टेबलावर पोहण्याची ट्यूब ठेवली होती, हे मला आईकडून कळलं. तुम्ही ती घरी आणून गल्लीतल्या पोरांना दिलीत.

त्या दिवसांतलं आपलं भांडण, तेच मला आज लिहायचंय, बाकी सगळं नुसतं फिरणं झालं. स्वयंपाकघरात तुम्ही जाकिटं पुसत होता. काकींना जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी म्हटलं, "त्यांच्या इंजिनाची चावी का काढून घेतली नाही?" तुम्ही म्हणालात, "बोट त्यांची होती." मी म्हटलं, "आणि काकी?" तुम्ही फडकं पिळलंत. म्हणालात, "चावी काढून घेतली असती तर त्या दिवशी थांबले असते. पुढच्या वेळी मी नसताना गेले असते." मी म्हटलं, "पुढच्या वेळेपर्यंत काकी तरी जिवंत असत्या." आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही जाकीट उलटं करून दुसऱ्या बाजूनं पुसायला घेतलंत. पुसायचात काय, ती कोरडी होती. मला वाटतं मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा घर सोडलं. गोवा, मग दांडेली, मग परत गोवा, मधे काही महिने मुर्डेश्वरला. फोन यायचे, मी उचलायचे, आईशी बोलायचे. तुम्ही पाठीमागून विचारलेलं ऐकू यायचं, "जाकीट घालते का विचार." आई म्हणायची, घालते म्हणे.

तुम्ही पुढचे दोन हंगाम इथं येऊन बसलात, हीच खुर्ची, हाच फळा, तेच लाल 'सक्ती नाही'. कुणी आलं नाही. आई सांगते, डबा तसाच परत यायचा, भूक नव्हती म्हणायचात. लोकांनी बोटी तुमच्यापासून लांब, पलीकडच्या अंगानं उतरवायला सुरुवात केली होती. नंतरच्या उन्हाळ्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर तुमच्या छातीत दुखलं. मी दांडेलीला होते, पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. अण्णा आले नव्हते. अण्णांनी धरणाकडं यायचंच सोडलं, त्यांची बोट निपाणीच्या वखारीत पोत्यांच्या मागं उभी करून ठेवलीय असं लोक सांगायचे. मला तुमच्याइतकाच त्यांचा राग यायला हवा होता, पण नाही आला. ज्यानं चूक केली त्याचा राग येत नाही आणि ज्याला चूक समोर दिसत होती त्याचा येतो, असं का होतं हे मला कळत नाही. तुम्ही असतात तर काहीतरी नीट बोलला असता यावर.

आई एकटी पडली म्हणून मी आले असं सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण ओम्नीत मागं फळा सापडला आणि मला वाटलं, बघूच. तुमच्याच जागी, तुमच्याच शब्दांत, एक हंगाम. गेल्या रविवारी बेळगावचे एक डॉक्टर आले, रबरी फुगवायची मोठी बोट, इंजिनासकट. मुलगी सात-आठ वर्षांची. फळा वाचला, हसून म्हणाले, "अरे वा, छान उपक्रम." उपक्रम. मग म्हणाले, "आम्ही इथल्या इथंच, काठाकाठानं." मुलीचं जाकीट पिशवीतच होतं, प्लास्टिकला दुकानाची चिठ्ठी तशीच. माझे हात शिवशिवत होते. लाल दोरी खेचली असती तर त्यांचं इंजिन सुरूच झालं नसतं. मी काय केलं सांगू? मी हात जोडले. सवड झाली की या म्हटलं. तोंडातून तुमचंच वाक्य निघालं आणि ते परत काठाला लागेपर्यंत मी पाण्याकडं बघत उभी राहिले, ओम्नीतला दोर हातात घेऊन. तासभर तशी उभी होते. मावशी म्हणाली, "बस की गं, पाय दुखतील." तुम्ही त्या दोन हंगामांत असेच उभे असायचात का, हे मला विचारायचं होतं. आईला माहीत नाही, ती इथं येत नव्हती.

तर आता दुपार कलायला आलीय. पलीकडं नवमीसाठी बोटी धुताहेत, इकडं कुणी फिरकलेलं नाही. आणखी थोडा वेळ बसले की झालं, फळा उलटा. एक गोष्ट मात्र लिहून टाकते, इथं कोण वाचणार आहे. दर रविवारी मी इथं आले ती कुणी यावं म्हणून नाही. कुणी येऊ नये म्हणून आले. कुणी आलं नाही तर तुमचं चुकलं हे पक्कं होतं, मग चावी काढून घ्यायलाच हवी होती, आणि मला निदान एक माणूस तरी राहतो रागवायला. कुणी आपल्या पायानं आलं तर मग माझ्याकडं काय राहणार? काकी तर तशाही परत येत नाहीत. वरून जीपचा आवाज येत होता तेव्हाही मी मनात म्हणत होते, पुढं जा, पुढं जा. जीप थांबलीय. मागं ट्रेलरवर बोट आहे, जुनी, रंग उडालेली. काठी टेकत एक म्हातारा माणूस उतरून टपरीपाशी उभा राहिलाय, चष्मा कपाळावर चढवून लांबूनच फळा वाचतोय, आणि वाऱ्यावर तंबाखूच्या वखारीचा वास येतोय. मावशी टपरीतून मला सांगतेय की निपाणीचे अण्णा म्हणून कुणी आलेत, बोट बघून द्यायला कोण बसतंय म्हणून विचारतायत.